टँकच्या पाण्याला वास येतो, म्हणजे पाणी स्वच्छ असतं का?



वार्षिक परीक्षा संपत आली की शाळेच्या फाटकाबाहेर पोहण्याच्या क्लासची पत्रकं वाटायला लोक उभे राहतात. सहलीचं म्हणाल तर हल्ली मुलांच्या तोंडी एकच शब्द असतो, वॉटर पार्क. म्हणून आजचा पाठ पाण्याचा. पाण्याचं शुद्धीकरण आपण सगळेच शिकवतो. तुरटी फिरवणं, गाळणं, उकळणं, क्लोरीन टाकणं, हे मुलांना पाठ असतं. पण ते सगळं पिण्याच्या पाण्याबद्दल. ज्या पाण्यात मूल तासभर डुंबतं, जे नाकातोंडात जातं, त्या पाण्याबद्दल वर्गात आपण क्वचितच बोलतो. ते बोलायला हवं असं मला का वाटतं, तेही पुढे सांगते.

सातवीच्या वर्गात मी एकदा विचारलं, "टँकचं पाणी स्वच्छ आहे हे कसं ओळखाल?" जवळजवळ सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "मॅडम, वासावरून! क्लोरीनचा वास आला की पाणी स्वच्छ." एक मुलगी म्हणाली, "आणि डोळे चुरचुरले की समजायचं, औषध नीट टाकलंय." तुमच्या घरी विचारून बघा, हेच उत्तर येईल. मलाही कितीतरी वर्षं असंच वाटत होतं. उत्तर चुकीचं आहे. आणि ते का चुकीचं आहे हे नीट समजलं, तर अर्धा पाठ तिथेच झाला म्हणून समजा.

पाण्यात टाकलेला क्लोरीन दोन रूपांत असतो. एक मोकळा क्लोरीन, जो जंतू मारायला तयार असतो. दुसरा संयुक्त क्लोरीन, म्हणजे जो आधीच कशाशी तरी जोडला गेला आहे. वर्गात मी याला 'रिकामे हात' आणि 'गुंतलेले हात' म्हणते, मुलांच्या ते लगेच लक्षात येतं. घाम, लघवी, अंगावरचा मळ, तेल, क्रीम यांत नायट्रोजन असलेले पदार्थ असतात. क्लोरीन त्यांच्याशी जोडला गेला की क्लोरामाइन नावाची संयुगं तयार होतात. आपण ज्याला 'क्लोरीनचा वास' म्हणतो तो बहुतेक वेळा या क्लोरामाइनचा असतो. डोळे चुरचुरतात, खोकला येतो, तोही त्यांच्यामुळेच. म्हणजे तळ्याच्या कडेला उभं राहिल्यावर नाकाला झोंबणारा वास आला, तर त्याचा अर्थ 'औषध भरपूर आहे' असा नसून 'औषधाचे हात माणसांच्या घाणीत गुंतले आहेत' असा असू शकतो. नीट राखलेल्या तलावाला वास अगदी मंद असतो. बंदिस्त, छत असलेल्या तलावात हे अधिक जाणवतं, कारण क्लोरामाइन पाण्याच्या पृष्ठभागावरून हवेत येतात आणि बाहेर जायला वाट नसते. दम्याची तक्रार असलेल्या मुलांच्या पालकांनी तिथली हवा खेळती आहे का, हे आवर्जून पाहावं.

इथे वर्गात हशा पिकतोच, कारण लघवीचा विषय निघतो. एखादा हुशार मुलगा सांगतोच, "मॅडम, पाण्यात एक केमिकल टाकतात, कुणी शू केली की भोवती निळा रंग होतो." असं काही रसायन तलावात वापरलं जात नाही, ही निव्वळ वावडी आहे. (धाक म्हणून मोठ्या माणसांनी ती जिवंत ठेवली आहे!) पण लघवी मोजण्याची युक्ती मात्र शास्त्रज्ञांनी शोधली. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी 2017 मध्ये जलतरण तलाव आणि हॉट टबमधलं पाणी तपासलं. शीतपेयांत आणि 'शुगर फ्री' पदार्थांत असेसल्फेम पोटॅशियम नावाचं एक गोड रसायन असतं. ते शरीरात पचत नाही, जसंच्या तसं लघवीतून बाहेर पडतं. पाण्यात ते किती आहे यावरून लघवीचा हिशेब त्यांनी मांडला. सुमारे 8 लाख 30 हजार लिटरच्या एका तलावात अंदाजे 75 लिटर लघवी निघाली. मुलांना हे गणित फळ्यावर करायला द्या. प्रमाण साधारण अकरा हजार भागांत एक भाग येतं. आकडा ऐकून किळस येते, पण खरा मुद्दा किळसेचा नाही. त्या 75 लिटरनी किती क्लोरीनचे हात गुंतवून ठेवले असतील, हा आहे.

आता सामू, म्हणजेच पीएच. आठवी-नववीच्या विज्ञान शिक्षकांना तर ही आयती संधी आहे. आम्ल-आम्लारी शिकवताना लिंबूरस आणि साबणाच्या पलीकडे उदाहरण मिळत नाही, ते इथे आहे. मोकळ्या क्लोरीनमध्येही जंतूंवर जोरात काम करतं ते हायपोक्लोरस आम्ल. पाण्याचा सामू 7.5 च्या आसपास असेल तर मोकळ्या क्लोरीनचा साधारण निम्मा भाग या आम्लाच्या रूपात असतो. सामू 8 वर गेला की तो पावभागापर्यंत खाली येतो. क्लोरीन तेवढाच, पण जोर अर्धा. म्हणून नुसतं 'क्लोरीन टाकला' हे पुरेसं नसतं. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे तलावात मोकळा क्लोरीन किमान 1 पीपीएम, हॉट टबमध्ये किमान 3 पीपीएम आणि सामू 7 ते 7.8 असावा. 1 पीपीएम म्हणजे लिटरमागे 1 मिलिग्रॅम. आपल्या नळाच्या पाण्यात घरापर्यंत 0.2 पीपीएम उरला तरी चालतो, त्या मानाने हे बरंच जास्त आहे. आपल्याकडेही जलतरण तलावाच्या पाण्यासाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस 3328 हे वेगळं मानक आहे. तुमच्या मुलाच्या क्लासच्या व्यवस्थापकाला ते माहीत आहे का, विचारायला हरकत नाही.

उघड्यावरच्या तलावात आणखी एक गोष्ट घडते. कडक उन्हात मोकळा क्लोरीन भराभर नष्ट होतो. काही आधार न देता टाकलेला क्लोरीन मे महिन्याच्या दुपारी दोन तासांत बहुतेक संपतो. म्हणून सायन्युरिक आम्ल नावाचा स्थिरक वापरतात. तो असला की क्लोरीन टिकतो, पण त्याचा जोर थोडा मंदावतो, म्हणून अशा तलावात किमान 2 पीपीएम ठेवायला सांगतात. सकाळी सहाच्या बॅचला असलेलं पाणी आणि दुपारी चारच्या बॅचला असलेलं पाणी यात म्हणूनच फरक असतो. सकाळी एकदाच मोजून दिवसभर निर्धास्त राहता येत नाही.

आता मी हे सगळं का वाचायला लागले ते सांगते.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेची सहल एका वॉटर पार्कला गेली होती. बसमधून उतरताना माझ्या वर्गातला एक मुलगा हळूच म्हणाला, "मॅडम, कालपासून पोट बिघडलंय. सकाळी पण तीनदा जाऊन आलो." मी त्याला लिंबू-साखर-मिठाचं पाणी दिलं, सावलीत बसवलं. तासाभराने तो रडकुंडीला आला. सगळे मित्र पाण्यात, आणि हा एकटा बाकावर. मला त्याची दया आली. "बरं वाटतंय ना आता? जा, पण जपून," असं म्हणून मीच त्याला सोडलं. त्याला चक्कर येऊ नये, एवढीच माझी काळजी होती. पुढच्या आठवड्यात वर्गातली सहा मुलं जुलाबाने घरी होती. ते त्याच्यामुळे झालं असं मी म्हणू शकत नाही. सहलीत आम्ही रस्त्यावर वडापाव खाल्ला होता, कदाचित तेही असेल. कुणी तपासलं नाही, कुणी मला विचारलंही नाही. पण जुलाब होणारं मूल पाण्यात उतरलं तर इतरांना काय होऊ शकतं, हा विचार माझ्या, विज्ञानाच्या शिक्षिकेच्या, डोक्यात आलाच नव्हता.

आपली समजूत अशी असते की क्लोरीन आहे ना, मग जंतू लगेच मरणार. बऱ्याच जंतूंच्या बाबतीत ते खरंही आहे. पाण्यात 1 पीपीएम मोकळा क्लोरीन आणि योग्य सामू असेल तर ई. कोलायसारखे जिवाणू मिनिटभरात मरतात. काविळीचा 'अ' विषाणू साधारण सोळा मिनिटं घेतो, जिआर्डिया हा परजीवी पाऊण तास. पण क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक परजीवी आहे, त्याच्याभोवती इतकं टणक कवच असतं की तो त्याच पाण्यात सात दिवसांहून जास्त जगतो. 1993 मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात हाच परजीवी पिण्याच्या पाण्यातून पसरला आणि सुमारे चार लाख लोक आजारी पडले, तेही शुद्धीकरण केंद्रातून आलेल्या पाण्याने. तलावात जुलाबाची घटना घडली तर तो बंद करून 20 पीपीएम क्लोरीन जवळजवळ तेरा तास ठेवावा लागतो, तेव्हा कुठे या परजीवीची खात्री देता येते. एका मुलासाठी एवढा खटाटोप कोण करणार? आणि करायचं ठरवलं तरी घटना घडल्याचं कळलं पाहिजे ना! त्यापेक्षा मूल त्या दिवशी घरी राहिलेलं बरं. क्रिप्टोचं निदान झालेलं असेल तर जुलाब थांबल्यावरही दोन आठवडे पाण्यात उतरू नये असं सांगतात, कारण परजीवी तोवर बाहेर पडत राहतो.

"पण आमचा मुलगा पाणी पीत नाही," असं पालक म्हणतात. पोहताना पोटात किती पाणी जातं याचा 2006 मध्ये अभ्यास झाला आहे. किमान पाऊण तास पोहण्यात मोठ्यांच्या पोटात सरासरी 16 मिलिलिटर पाणी गेलं, मुलांच्या पोटात 37. म्हणजे चहाचे सात चमचे! वर्गात खरोखर सात चमचे पाणी ग्लासात मोजून दाखवा, वेगळं समजवावं लागत नाही.

आता हॉट टब, म्हणजे आपल्या बोलीत जकुझी. सुट्टीत रिसॉर्टला गेलं की पोरं आधी तिकडेच धावतात. कोमट पाणी, बुडबुडे, मजा असते. पण गणित करून बघा. 25 मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी 1.6 मीटर खोल तलावात 5 लाख लिटर पाणी मावतं. शंभर जण उतरले तरी माणशी 5,000 लिटर. दीड हजार लिटरच्या टबमध्ये पाच जण बसले तर माणशी 300 लिटर. एका माणसाची घाण सोळा-सतरा पट कमी पाण्यात मिसळते. वर पाणी 38-40 अंशांचं, म्हणजे घाम जास्त आणि क्लोरीन लवकर संपणार. बुडबुड्यांनी उरलासुरला तोही उडून जातो. म्हणून टबचं सगळं पाणी साधारण अर्ध्या तासात एकदा गाळणीतून फिरावं लागतं, तर मोठ्या तलावाला चार ते सहा तास चालतात. यात हयगय झाली की स्युडोमोनास नावाचा जिवाणू वाढतो. एक-दोन दिवसांनी अंगावर, विशेषतः पोहण्याच्या कपड्याखाली, खाजरे लाल फोड येतात. आई म्हणते घामोळं आलंय. बहुतेकदा ते आपोआप बरं होतं. कानात पाणी राहून होणाऱ्या ठणक्यामागेही पुष्कळदा हाच जिवाणू असतो, म्हणून बाहेर आल्यावर मान तिरकी करून कान कोरडे करायची सवय मुलांना लावा.

त्याहून गंभीर म्हणजे लिजनेला. 1976 मध्ये फिलाडेल्फियातल्या एका अधिवेशनाला जमलेल्या माजी सैनिकांत न्युमोनियाची साथ आली, तेव्हा हा जिवाणू प्रथम ओळखला गेला, आणि त्या 'लीजन' संघटनेवरूनच त्याचं नाव पडलं. तो कोमट पाण्यात वाढतो आणि पाण्याच्या सूक्ष्म तुषारांतून फुप्फुसात जातो. नेदरलँड्समधल्या बोव्हेनकार्सपेल गावी फेब्रुवारी 1999 मध्ये फुलांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. तिथे विक्रीसाठी मांडलेला एक हॉट टब बुडबुडे सोडत सुरू ठेवला होता. त्यात कुणी आंघोळीला उतरलं नव्हतं. लोक फुलं बघत जवळून गेले, एवढंच. दीडशेहून जास्त लोक आजारी पडले आणि वीसहून जास्त जण दगावले. टबमध्ये न उतरताही टबमधला आजार होऊ शकतो, हे मला तरी आधी माहीत नव्हतं. आजीआजोबा, बिडी-सिगारेट ओढणारे, मधुमेहाचे किंवा छातीचे रुग्ण यांना याचा धोका जास्त. रिसॉर्टवरून आल्यानंतर दोन आठवड्यांत कुणाला ताप आणि खोकला आला, तर डॉक्टरांना 'आम्ही हॉट टबजवळ होतो' हे आपणहून सांगा. डॉक्टरांच्या मनात तो प्रश्न सहज येत नाही.

गरम पाण्याची कुंडं आपल्याकडे नवीन नाहीत. वज्रेश्वरी-गणेशपुरी-अकलोलीला आपण सगळे कधी ना कधी गेलेलो आहोत, कोकणात राजापूरजवळ उन्हाळे आहे. तिथे पाणी जमिनीतून येतं, क्लोरीनचा प्रश्नच नाही. माझं म्हणणं जाऊ नका असं नाही. मीही जाते, पाय सोडून बसते. फक्त मुलांना डोकं बुडवू देऊ नका. नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा कोमट गोड्या पाण्यात राहतो. ते पाणी पोटात गेलं तर काही होत नाही, पण नाकात जोरात शिरलं तर तो मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. हा आजार अतिशय विरळा, पण झाला तर फार थोडे वाचतात. केरळमध्ये 2024 आणि 2025 मध्ये याचे रुग्ण आढळले, त्यांत मुलंही होती, आणि तिथल्या सरकारला विहिरी-टाक्यांच्या क्लोरिनेशनची मोहीम काढावी लागली. क्लोरीन नीट राखलेल्या तलावात तो टिकत नाही. न राखलेल्यात मात्र टिकू शकतो.

वर्गात करून बघण्यासारखं पुष्कळ आहे. गावाकडच्या शाळांना तर घरची सोय आहे. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएल पावडर टाकल्यावर ओटी टेस्ट करतो, त्याला अर्धा तास शाळेत बोलवा. पाण्याचा पिवळा रंग लगेच पाहिला तर मोकळा क्लोरीन कळतो, आणि पंधरा मिनिटांनी पाहिला तर मोकळा आणि संयुक्त मिळून. म्हणजे 'रिकामे हात, गुंतलेले हात' डोळ्यांनी दिसतात! ते रसायन विषारी आहे, मुलांच्या हातात बाटली देऊ नका. शहरात दुकानांत किंवा ऑनलाइन चाचणी पट्ट्या मिळतात, त्यावर क्लोरीन आणि सामू दोन्ही दिसतात. एक गंमत ध्यानात ठेवा. क्लोरीन अतोनात जास्त असेल तर तो चाचणीचा रंगच उडवून टाकतो आणि क्लोरीन शून्य आहे असं वाटतं. तेव्हा नमुना साध्या पाण्याने पातळ करून पुन्हा बघायचं.

सातवीसाठी गणित: वरच्या 5 लाख लिटरच्या तलावात 1 पीपीएम क्लोरीन हवा तर किती? 500 ग्रॅम. पावडरमध्ये 30 टक्के क्लोरीन धरला तर पावडर किती? 1 किलो 667 ग्रॅमच्या आसपास. पावडरचं पोतं उघडं राहिलं आणि टक्का 15 वर आला तर? मुलं आपणच सांगतात, दुप्पट. पावडरला हात लावायचा नाही आणि ती टॉयलेट साफ करायच्या ॲसिडजवळ ठेवायची नाही, कारण दोन्ही एकत्र आली की विषारी क्लोरीन वायू सुटतो, हे त्याच तासाला सांगून टाका.

आणि पालकांनी तलावावर गेल्यावर काय बघायचं? सर्वांत खोल जागी तळाची जाळी स्पष्ट दिसते का ते बघा. ती दिसत नसेल तर मुलाला उतरवूच नका. गढूळ पाण्यात जंतूंची भीती आहेच, पण तळाशी बुडालेलं मूलही दिसत नाही. शॉवर चालू आहे का, आणि मुलं खरंच त्याखाली जातात का ते बघा. मिनिटभर अंग चोळून धुतलं तरी अंगावरचा बराचसा मळ-घाम निघून जातो. मग रोजच्या नोंदींची वही मागा. दिवसातून किमान दोनदा क्लोरीन आणि सामू लिहिलेला असावा. सगळ्या पानांवर एकाच पेनाने, एकाच दिवशी लिहिल्यासारखे तेच ते आकडे दिसले तर काय समजायचं, ते आपण शिक्षकांना कुणी सांगायला नको. प्रयोगवह्या आयुष्यभर तपासल्या आहेत आपण!

आता आमच्या सहलीच्या संमतीपत्रात मी एक ओळ वाढवली आहे: 'गेल्या दोन आठवड्यांत पाल्यास जुलाब झाले होते का?' हो लिहिलं तर मूल सहलीला येतं, पाण्यात उतरत नाही. बाकावर रडत बसायला लागू नये म्हणून त्याला काम असतं. मागच्या वेळी अशा दोन मुली होत्या. त्यांच्या हातात पट्ट्यांचा डबा आणि वही दिली. दुपारी जेवणानंतर एक धावत आली, "मॅडम, क्लोरीनच्या चौकोनाला रंगच येत नाहीये!" मी तिथल्या माणसाला बोलावलं. तो आधी हसला, मग त्याने स्वतःच्या बाटलीत नमुना घेऊन बघितलं आणि शिट्टी वाजवून सगळ्यांना वर काढलं. मुलं कुरकुरत पायऱ्यांवर बसली, चिवडा-लाडू संपला. तासाभराने मुलींनी पुन्हा पट्टी बुडवली. 2 पीपीएम, सामू 7.4. त्यांनी वहीत वेळ लिहिली आणि मला खूण केली.